रात्री कोण उठणार?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



आपल्याकडे माणसाचं आयुष्य कानापासून सुरू होतं. आमच्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात आणि डाव्या कानात इकामत म्हणतात. शेजारच्या घरात बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करते, नाव सांगते आणि पाठीत बुक्के खाते. दोन्ही घरांतली समजूत एकच. आधी ऐकू दे, बाकीचं मागाहून शिकेल.

पण बाळाचं कोणी ऐकायचं, याचा विधी कुठेही सांगितलेला नाही. ते ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेलं आहे. आजचा माझा विषय तिथूनच सुरू होतो. विषय आहे बेबी मॉनिटर, आणि नव्या आईबापांनी तो कसा निवडावा.

एका कवीने यंत्रावर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. आमच्या वेळी मॉनिटर म्हणजे वर्गात फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मुलगा. पण हा दुसरा मॉनिटर आमच्या घरात आला आणि येताना मलाच एक धडा देऊन गेला. तो तुम्हाला सांगावा म्हणून आलो आहे.

आधी यंत्राची ओळख. साधा बेबी मॉनिटर म्हणजे दोन डबे. एक बाळाजवळ ठेवायचा, दुसरा आईजवळ. बाळाजवळच्या डब्याला कान असतो, आईजवळच्याला तोंड. तुम्ही आत्ता ज्या रेडिओवर मला ऐकता आहात त्याचाच हा धाकटा भाऊ. पुढे त्याला कॅमेऱ्याचा डोळा फुटला आणि पडदा आला. आता तर मोबाइलवरही बाळ दिसतं.

या यंत्राच्या जन्माची कथा मात्र सुखाची नाही. १९२७ साली एकट्याने, कुठेही न थांबता अटलांटिक महासागर ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग, याचं सुमारे वीस महिन्यांचं मूल १९३२ साली राहत्या घरातून, वरच्या मजल्यावरच्या पाळण्यातून रात्री पळवलं गेलं. आईवडील घरातच होते. पुढे त्या मुलाचा मृतदेहच सापडला. सारी अमेरिका हादरली. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांनाही लहान मुलगी होती. त्यांच्या पुढाकाराने १९३७ साली 'रेडिओ नर्स' नावाचं यंत्र तयार झालं. त्याची बॅकेलाइटची पेटी घडवली ती इसामू नोगुची या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शिल्पकाराने. बाळाच्या खोलीतला आवाज घरातल्या विजेच्या तारांमधूनच दुसऱ्या खोलीत पोचायचा. आज त्या पेट्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

म्हणजे हे यंत्र भीतीतून जन्मलं. आणि माझा अनुभव असा की, दुकानात आजही यंत्राच्या आधी भीती विकली जाते.

आता आमच्या घराकडे येतो. आम्ही मिरजेला राहतो. खाली दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक खोली. वर मुलगा आणि सून राहतात. मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तीन आठवड्यांतून एक आठवडा त्याची रात्रपाळी असते.

सून इचलकरंजीची. चौथ्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि त्यात ऐकू येणं गेलं. दिवसा ती श्रवणयंत्र लावते, त्याने मोठे आवाज थोडेफार कळतात. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखते. स्वतः बोलतेही, सवय नसलेल्याला ते पटकन कळत नाही, एवढंच. रात्री झोपताना यंत्र काढून ठेवावं लागतं. मग उशाशी ढोल वाजवला तरी तिला पत्ता नसतो. ती छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करायची. माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाची जुळणी तिनेच केली आणि मराठी घेऊन बी. ए. झालेल्या या माणसाच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका निमूटपणे दुरुस्त केल्या. आमची ओळख तिथली.

एप्रिल २०२२ मध्ये नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी. इस्पितळातच बाळाच्या कानांची तपासणी झाली, कान चांगले निघाले. जाता जाता सांगतो, ही तपासणी प्रत्येक बाळाची पहिल्या महिन्याच्या आत व्हावी, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असं तज्ज्ञ सांगतात. माहेरी रात्री सुनेची आई शेजारी झोपायची. बाळ रडलं की लेकीला हलवून जागं करायची. चाळिसावा झाला, पुढे महिनाभर राहून जुलैत मायलेकी आमच्याकडे आल्या.

आल्या त्याच आठवड्यात मुलाची रात्रपाळी लागली. जेवताना मी घरातला वडीलधारा या नात्याने निर्णय जाहीर केला. म्हटलं, "रात्रपाळीच्या आठवड्यात बाळ खाली दादीजवळ झोपेल." सोयीची गोष्ट होती. मुलाने मान डोलावली. सून भाकरी वाढत होती, ती थांबली. मी काय बोललो ते तिने माझ्या ओठांवरून वाचलं होतं. टेबलावर माझ्याच कवितांची मुद्रितं पडली होती. त्यातला एक कागद उलटा करून तिने पेन्सिलीने लिहिलं, "मला ऐकू येत नाही. पण मला उठता येतं." आणि कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला.

माझ्या बायकोने तो वाचला आणि ती हसू लागली. म्हणाली, "तुमचे तर दोन्ही कान शाबूत आहेत. हा लहान होता तेव्हा रात्री किती वेळा उठलात?"

श्रोतेहो, खरं सांगतो. एकदाही नाही. मुलगा रडायचा तेव्हा मला स्वच्छ ऐकू यायचं. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. सकाळी नोकरी आहे, अशी स्वतःची समजूत घालायचो. नोकरी बायकोलाही होती, ती घरातली होती इतकंच. तर असा हा कानांचा धनी, न ऐकणाऱ्या आईकडून तिचं बाळ रात्रीपुरतं काढून घ्यायला निघाला होता. ऐकू येणं आणि उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा दुकानात गेलो. खिशात सुनेने लिहून दिलेले प्रश्न होते. दुकानदाराने आधी कॅमेऱ्याचे मॉनिटर मांडले. रंगीत पडदा, अंधारात दिसणारं चित्र, अंगाईगीतं, खोलीचं तापमान. मी विचारलं, "बाळाची आई झोपलेली असेल, तर हे तिला उठवणार कसं?" तो म्हणाला, "आवाज येतो ना, काका." म्हटलं, "आवाज तिला येत नाही." मग त्याने विचारलं, "बाळ दुसऱ्या खोलीत झोपतं का?" म्हटलं, "नाही, तिच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर." तो बुचकळ्यात पडला. त्याच्या हिशोबाने मॉनिटर लांबच्या बाळासाठी असतो. आमच्या घरात अंतराचा प्रश्नच नव्हता.

वाटेत मला एक जुनी गोष्ट आठवली. मिरज हे सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव. लग्न झाल्यावर सुनेला एका कारागिराच्या दुकानात नेलं होतं. त्याने तंबोऱ्याच्या तारा छेडल्या आणि तिला खुणेने भोपळ्यावर तळवा ठेवायला सांगितलं. तिने ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. आवाज हातालाही कळतो, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. मी विसरलो होतो.

शेवटी जिथून तिचं श्रवणयंत्र घेतलं होतं, त्या सांगलीच्या दुकानातल्या तंत्रज्ञाने वाट दाखवली. बाळ रडलं की दिवा उघडझाप करणारा आणि उशीखाली ठेवायची चकती थरथरवणारा मॉनिटर मिळतो. चकतीत मोबाइलमध्ये असते तशीच, पण जरा मोठी मोटर असते. तिच्या आसाला एकाच बाजूला वजन लावलेलं असतं, त्यामुळे फिरताना ती हादरे देते. आठ दिवसांत वस्तू मागवून मिळाली.

या शोधात जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो. तुमच्या घरात सगळ्यांना ऐकू येत असलं तरी ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, यंत्र काय काय करतं हे विचारण्याआधी ते कोणाला आणि कसं सांगणार आहे हे विचारा. आवाजाने, दिव्याने, थरथरीने की चित्राने? चित्र पाहायला आधी जागं असावं लागतं. ज्या साध्या यंत्रावर आवाजाबरोबर चढणारी दिव्यांची ओळ असते, ते स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना ऐकणाऱ्या आईलाही कामाला येतं.

दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली तर दोन्ही डबे बॅटरीवर चालतात का, आणि बॅटरी संपत आली किंवा दोघांमधला संपर्क तुटला तर यंत्र इशारा देतं का, हे पाहा. आम्हाला दाखवलेलं एक यंत्र बाळ रडलं की थरथरायचं, पण बॅटरी संपत आल्यावर नुसतं 'टूं टूं' वाजायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हे सांगून उपयोग काय? सुनेच्या यादीत हा प्रश्न होता, माझ्या डोक्यात आला नसता. नातेवाइकाने अमेरिकेहून यंत्र आणलं असेल तर आणखी एक काळजी. तिथली घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं आहे ना, ते पाहिल्याशिवाय प्लग लावू नका. आणि कोणत्या रेडिओलहरी घरगुती वापराला मोकळ्या, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. तेव्हा इथे विकण्यासाठी बनवलेलं यंत्र घेतलेलं बरं.

तिसरी गोष्ट पल्ल्याची. खोक्यावर शेकडो मीटर लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या मैदानातलं. मध्ये स्लॅब आणि विटांच्या भिंती आल्या की लहरी दमतात. घरी आणून, बाळाच्या जागी रेडिओ लावून, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत डबा घेऊन फिरा. जिथे संपर्क तुटतो ती जागा लक्षात ठेवा. म्हणून घेतानाच बदलून देण्याची मुदत विचारून ठेवावी.

चौथी गोष्ट, यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा ते आपल्या हातात हवं. आपली घरं गप्प नसतात. पंखा, कुकरची शिट्टी, गल्लीतली कुत्री, पहाटेची अजान, काकडआरतीचे टाळ. प्रत्येक आवाजाला यंत्र हाक देऊ लागलं तर चार दिवसांत घरातले लोक ते बंद करून कपाटात ठेवतात.

पाचवी गोष्ट इंटरनेटची. मोबाइलवर बाळ दाखवणारा कॅमेरा म्हणजे घराला बाहेरून पाडलेली एक खिडकी. २०१३ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका घरात कोणी परक्या माणसाने अशा यंत्रात शिरून झोपलेल्या दोन वर्षांच्या मुलीला शिव्या घातल्या होत्या. आईवडील कामासाठी बाहेर असतील आणि आजीजवळचं बाळ पाहायचं असेल, तर असा कॅमेरा जरूर घ्या. पण कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, घरातल्या वाय-फायचाही चांगला ठेवा, आणि कंपनी वेळोवेळी सुधारणा पाठवते ना ते पाहा. घराबाहेरून पाहायची गरज नसेल तर खिडकी पाडूच नका. दोन डब्यांचं साधं यंत्र पुरतं.

सहावी गोष्ट वायरीची. कॅमेरा किंवा डबा पाळण्याच्या कठड्याला अडकवू नका. वायर बाळापासून किमान तीन फूट लांब हवी. वायर गळ्याभोवती आवळून परदेशात बाळं दगावलेली आहेत. बाळ आज हलत नाही, पण ते उद्या हात लांबवणार असतं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुकानदाराने मोबाइलवर आम्हाला बाळाच्या पायात घालायचा मोजाही दाखवला. तो नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजतो. "काका, बाळाच्या जिवाहून पैसे जास्त आहेत का?" असं तो म्हणाला. अशा वाक्यापुढे कोणताही आजोबा पाकीट काढतो. मीही काढणार होतो. मुलगा म्हणाला, "अब्बा, आधी डॉक्टरांना विचारू." आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितलं. निरोगी बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका अशा घरगुती यंत्रांनी कमी होतो, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शनातही त्यासाठी या यंत्रांवर विसंबू नये असं म्हटलं आहे. डॉक्टरांनी एखाद्या आजारी बाळासाठी यंत्र लिहून दिलं तर ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी काय करावं? बाळाला उताणं झोपवावं. गादी सपाट आणि घट्ट असावी. जवळ उशी, दुलई, मऊ खेळणी नसावीत. पहिले सहा महिने तरी बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावं. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढू नये. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या उपायाला ना वीज लागते, ना पैसे. आमच्याकडे फक्त बायकोने हौसेने शिवलेली मोहरीची उशी कपाटात गेली. दोन दिवस तिचा अबोला होता. तेवढी किंमत मोजली.

आता पहिल्या रात्रीबद्दल. मुलगा कामावर गेला. सुनेने चकती उशीखाली ठेवली, दिवा पाळण्याच्या समोर लावला. खाली मी जागाच. विश्वास ठेवतो म्हणणं सोपं असतं, पण झोप येत नाही. तीनच्या सुमाराला नात रडली. मी उठलो, जिन्याशी आलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरच्या खोलीत उजेड झाला. रडणं थांबलं. मी पाय मागे घेतला. अंधारात मला माझी लाज वाटली आणि बरंही वाटलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका रात्री पत्र्यावर पाऊस कोसळला आणि त्या आवाजाने चकतीने तिला नऊ वेळा उठवलं. दुसऱ्या दिवशी तिने यंत्राचा कान बोथट केला. मग एका रात्री डबा चार्ज करायचा राहिला आणि नेमकी वीज गेली. नात बराच वेळ रडत राहिली. मी वर जाऊन दार वाजवलं. मग लक्षात आलं की दार वाजवून काय होणार? दार ढकलून आत गेलो, पाळणा हलवत सुनेच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली आणि मेलेल्या डब्याकडे पाहून तिचा चेहरा उतरला. 'मी म्हणालो होतो ना' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. माझ्या गिळलेल्या वाक्यांत तेच सर्वांत चांगलं असावं. नाहीतरी ती ओठ वाचते, पुटपुटायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला. संध्याकाळी दिवे लागले की डबा चार्जिंगला. आणि मुलाने दुसरा नियम केला. ज्या आठवड्यात तो घरी असेल, त्या आठवड्यात चकती त्याच्या उशीखाली. ऐकू येत असूनही. तो म्हणाला, "अब्बा, मला ऐकू येतं, पण जाग येत नाही. मी तुमच्यावर गेलोय." त्याला जाग येत नाही हे खरं असेल. मला येत होती, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आज रेडिओवरून सांगतो आहे.

तेव्हा नव्या आईबापांनो, दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी घरात बसा आणि एकच प्रश्न विचारा: रात्री कोण उठणार? कोणत्या वारी कोण, हे कागदावर लिहा. उठणाऱ्याला काय लागतं ते त्यालाच किंवा तिलाच विचारा. त्याच्या वतीने इतरांनी ठरवू नका. उत्तर मिळालं की यंत्र आपोआप ठरतं, कधी कधी तर यंत्र लागतच नाही. उत्तर मिळालं नाही, तर सर्वांत महागडं यंत्र फार तर एवढंच करील, की रडणं अधिक स्वच्छ ऐकवील.

आमची नात आता बालवाडीत जाते. चकती आणि डबे माळ्यावर गेले. एक गोष्ट तिला कोणी शिकवली नाही, ती आपली आपणच शिकली. मला बोलवायचं असेल तर ती अंगणातून हाका मारते, गल्ली गोळा करते. आईला बोलवायचं असेल तर आवाज करत नाही. धावत जाते आणि तिच्या हातावर दोनदा थोपटते.

आणि तिची हाक आली की आता मीही उठतो.